उतारवयात हिंडतं-फिरतं राहण्यासाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साठी-सत्तरीतली माणसं आणि त्यांची मुलं प्रकृतीबद्दल जे नेहमी विचारतात, ते प्रश्न इथे घेतले आहेत. पायांतली ताकद आणि तोल यांवर मुद्दाम जास्त लिहिलंय. आपलं आपण उठता-बसता येणं, न्हाणीघरापर्यंत जाता येणं यावर म्हातारपणातलं बरंचसं स्वातंत्र्य अवलंबून असतं. रक्तातली साखर आणि रक्तदाब लोक नेमाने तपासतात. पायांची परीक्षा मात्र पहिल्यांदा पडल्यावरच होते.

पंचाहत्तरी झाली. आता व्यायाम सुरू करून काय होणार?

बरंच होतं. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बॉस्टनमधल्या एका वृद्धाश्रमातल्या दहा जणांना आठ आठवडे मांड्यांच्या स्नायूंसाठी वजनाचा व्यायाम दिला होता. सरासरी वय नव्वद. वजनही नावापुरतं नव्हतं. प्रत्येकाला जास्तीत जास्त जेवढं उचलता येईल त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत नेलं होतं. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि दोघांची काठी सुटली. दहा म्हणजे फारच थोडी माणसं, अशी शंका कुणी काढेल. म्हणून १९९४ साली तोच प्रयोग शंभर अशक्त वृद्धांवर झाला. तिथेही ताकद दुपटीहून जास्त झाली.

तिशीनंतर स्नायू हळूहळू घटत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर स्नायूंच्या आकारापेक्षाही लवकर उतरते. पण व्यायाम सुरू केल्यावर ती परत येण्याचा क्रमही तसाच असतो. पहिल्या काही आठवड्यांत स्नायू फुगलेले दिसत नाहीत, तरी मेंदू त्यांच्याकडून जास्त काम करून घ्यायला शिकतो आणि उठणं-बसणं सोपं होऊ लागतं.

रॉबेर मार्शाँ या फ्रेंच सायकलपटूने २०१७ साली वयाच्या १०५व्या वर्षी तासाभरात २२.५ किलोमीटर सायकल चालवली. शंभरी ओलांडल्यावर त्यांनी शिस्तीत सराव केला, तेव्हा दोनेक वर्षांत त्यांच्या शरीराची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता मोजून वाढलेली आढळली. तसं सगळ्यांना जमणार नाही, जमायची गरजही नाही.

मी रोज सकाळी तासभर चालतो. तेवढं पुरत नाही का?

हृदयासाठी, साखरेसाठी, मन ताजं राहण्यासाठी चालणं उत्तमच. ते सोडू नका. पण सपाट रस्त्यावर सवयीच्या वेगाने चालताना मांड्यांना फारसा जोर लावावा लागत नाही आणि तोलाचीही कसोटी लागत नाही. रोज न चुकता फिरायला जाणाऱ्या कितीतरी जणांना खालच्या सोफ्यावरून उठताना हात टेकावे लागतात, ते त्यामुळेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशी ६५ वर्षांपुढच्यांना तीन गोष्टी सांगतात. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल, आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल व ताकद यांना एकत्र चालना देणारा व्यायाम. पहिली गोष्ट लोक करतात. उरलेल्या दोन बहुतेकांच्या दिनक्रमात नसतातच. तासभर चालण्यातली वीस मिनिटं या दोन्हींना दिली तरी चालेल.

ताकदीचा व्यायाम म्हणजे जिमला जायचं का?

हौस असेल तर जरूर जा, पण अडत काही नाही. घरातली एक खुर्ची पुरते.

खुर्ची कडक बैठकीची, चाकं नसलेली घ्या आणि तिची पाठ भिंतीला लावा. बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागात बसा. पावलं कमरेइतक्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. दोन्ही हात छातीवर आडवे. आता आधी पुढे झुका. नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं. पुष्कळ लोक इथेच चुकतात. ते झुकत नाहीत, सरळ वर उठू पाहतात, मग उठवत नाही आणि दोष गुडघ्यांना देतात. झुकल्यावर टाचांनी जमीन दाबत उठा, पूर्ण ताठ उभे राहा आणि मनात चारपर्यंत मोजत सावकाश खाली बसा. धप्पकन बसायचं नाही, कारण खाली येतानाच मांड्यांना खरं काम पडतं.

असं आठ ते बारा वेळा करा, थोडं थांबा, पुन्हा एकदा करा. आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून. हात न लावता उठताच येत नसेल तर बैठकीवर घडी केलेलं घोंगडं टाकून उंची वाढवा आणि जमू लागलं की एकेक घडी कमी करा. उलट बारा वेळा सहज होत असेल तर पुस्तकं भरलेली पिशवी छातीशी धरून करा. शेवटची दोन-तीन आवर्तनं जड वाटायला हवीत. न दमता संपणारा व्यायाम ताकद वाढवत नाही, हे वडीलधाऱ्यांना सांगायला आपण उगाच कचरतो.

याच्या जोडीला ओट्याला धरून टाचा उचलणं आणि भिंतीला हात टेकून जोर काढणं. एवढ्यात जवळपास सगळं शरीर येतं. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर घाबरू नका, तो स्नायूंचा ठणका आहे. सांध्यात कळ आली तर मात्र तो प्रकार थांबवा.

आपण कुठे आहोत हे पाहायचं असेल तर हात छातीवर ठेवून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येतं ते मोजा. सत्तर ते चौऱ्याहत्तर या वयात पुरुषांना बाराहून कमी आणि स्त्रियांना दहाहून कमी वेळा जमलं, तर पायांची ताकद वयाच्या मानाने कमी आहे. महिन्याने पुन्हा मोजा.

तोल सुधारता येतो का?

येतो, आणि तसा लवकर. स्वयंपाकाच्या ओट्यासमोर उभे राहा. आधी दोन्ही पावलं जुळवून दहा सेकंद. मग एक पाऊल अर्धं पुढे सरकवून. मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून, म्हणजे पावलं एका रेषेत. शेवटी एका पायावर. एका रेषेत दहा सेकंद उभं राहता आलं नाही तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं धरतात.

आधारही टप्प्याटप्प्याने सोडायचा. पहिल्यांदा पूर्ण पंजा ओट्यावर, मग एक बोट, मग हात नुसता वर तरंगता. जरासं डगमगायला होईल अशाच पातळीवर सराव हवा. अगदी स्थिर उभं राहता येत असेल तर ती पातळी तुम्हाला सोपी झाली. पहिले काही दिवस घरातलं कुणी शेजारी असू द्या.

अशा व्यायामांवरचे शंभराहून अधिक प्रयोग एकत्र करून २०१९ साली आढावा घेतला गेला, तेव्हा व्यायामाने पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. एवढा गुण देणारी गोळी नाही. ताई-ची या संथ चिनी व्यायामप्रकाराचाही तोलासाठी चांगला उपयोग दिसून आला आहे.

दिवसाला १०,००० पावलं झालीच पाहिजेत का?

नाही. हा आकडा वैद्यकातून आलेला नाही. १९६५च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार होते. तिथून तो जगभर पसरला. २०१९ साली अमेरिकेतल्या सरासरी ७२ वर्षांच्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साधारण ७,५०० नंतर आणखी फायदा दिसला नाही. आज दोन हजार होत असतील तर पुढचं लक्ष्य तीन हजार.

गुडघे दुखतात. चालल्याने आणखी झिजणार नाहीत का?

ही भीती फार जणांना घरी बसवते. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार येतो-जातो तेव्हा आतला द्रव कूर्चेत आत-बाहेर होतो आणि त्यातून तिला पोषण मिळतं. हालचाल थांबली की मांडीचे स्नायू दुबळे होतात, त्यांनी पेलायचा भार सांध्यावर येतो, आणखी दुखतं, माणूस आणखी बसतो. हे चक्र तोडायचं तर मांडी बळकट करण्याला पर्याय नाही. संधिवातासाठी जगभरातल्या बहुतेक मार्गदर्शक सूचनांमध्ये व्यायाम पहिल्या उपचारांत आहे.

व्यवहारातला नियम असा: व्यायाम करताना सोसवेल इतकं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नेहमीइतकं झालं तर ठीक. वाढलेलंच राहिलं तर मात्रा कमी करा. वजन जास्त असेल तर एक किलो उतरल्याने प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार कमी होतो. गुडघा सुजून लाल, गरम झाला किंवा मध्येच अडकू लागला तर आधी डॉक्टरांना दाखवा.

हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह असताना व्यायाम चालेल का?

बहुतेकांना चालतो, आणि त्यांनाच त्याची जास्त गरज असते. नुकताच हृदयाचा झटका आला असेल, शस्त्रक्रिया झाली असेल, छातीत दुखणं वाढत चाललं असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका. बाकीच्यांनी जोराचं माप बोलण्यावरून ठरवावं. चालताना गप्पा मारता येतात पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम जोर. वाक्यही पुरं होत नसेल तर जास्त झालं.

वजन उचलताना श्वास कोंडू नका, रक्तदाब एकदम चढतो. उठताना श्वास सोडायचा. इन्सुलिन किंवा साखर फार खाली नेऊ शकणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात काहीतरी गोड ठेवा. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, दरदरून घाम, डोळ्यांसमोर अंधारी यांतलं काहीही झालं तर तिथेच थांबा, आणि लगेच मदत मागा.

घरचे म्हणतात, "आता खूप केलंस, बस निवांत." मला तर हे पटत नाही.

तुमचंच बरोबर आहे, फक्त घरच्यांच्या मायेपुढे ते कसं मांडायचं हा प्रश्न असतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठीपुढच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं होतं. तेवढ्यात पायांतला साधारण एक किलो स्नायू गेला. त्यांना आजार काहीच नव्हता. तापात आठवडाभर पडून राहिलेल्या आजीचे पाय लटपटतात, त्यात तापाइतकाच पडून राहण्याचा वाटा असतो.

आणि हे नुसतं अंथरुणापुरतं नाही. हातात पाण्याचा पेला आणून देणं, "मी करते, तू राहू दे" म्हणणं, वरच्या मजल्यावरची खोली बदलून खाली आणणं, यांतल्या प्रत्येक गोष्टीने दिवसातली थोडी उठबस कमी होते. कामं काढून घेण्याऐवजी ती सुरक्षित करून द्या. जिन्याला कठडा बसवा, पण जिना बंद करू नका.

पडल्यावर कसं उठायचं?

हे आधी, धडधाकट असताना, गादीवर किंवा सतरंजीवर करून पाहायला हवं. ६५ वर्षांपुढच्या साधारण तीन जणांपैकी एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. पुष्कळांना फारसं लागत नाही, पण उठता न आल्याने ते तासन्‌तास जमिनीवर राहतात. त्यातून गारठणं, शरीरातलं पाणी कमी होणं, एकाच जागी दाब येऊन कातडी आणि स्नायू दुखावणं असा पुढचा त्रास होतो.

पडलात की लगेच उठायची धडपड करू नका. मिनिटभर तसेच राहा. हात, पाय, मान हलवून पाहा. जांघेत किंवा कमरेत असह्य दुखत असेल, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल तर उठायचं नाही. हाका मारा, फोन लावा, जवळचं काहीतरी ओढून अंगावर घ्या. तसं काही नसेल तर कुशीवर वळा. वरचा हात छातीसमोर जमिनीवर टेकून खालच्या कोपरावर या. तिथून दोन्ही हात आणि गुडघ्यांवर. रांगत जवळच्या भक्कम खुर्चीपाशी जा, हात बैठकीवर ठेवा. ज्या पायात जोर जास्त, ते पाऊल पुढे जमिनीवर सपाट ठेवा. आता हात आणि तो पाय, दोन्हींनी रेटा देत वर या आणि वळून त्याच खुर्चीत बसा. लगेच चालू लागू नका.

डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर बरं वाटत असलं तरी डॉक्टरांकडे जायचं. आणि पडल्याचं लपवू नका. "मुलगा आता बाहेर जाऊ देणार नाही" म्हणून लपवतात, आणि मग कारण शोधायचं राहून जातं.

घरात काय बदल करावेत?

अंथरुणापासून स्वच्छतागृहापर्यंतच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा. कमोडशेजारी आणि अंघोळीच्या जागी भिंतीत पक्के बसवलेले दांडे; टॉवेल टांगायची दांडी वजन पेलत नाही. सरकणारी पायपुसणी आणि सुट्या वायरी काढून टाका. घरातही मागे पट्टा असलेली, पातळ, न घसरणाऱ्या तळाची चप्पल घाला. नुसते मोजे घालून हिंडणं वाईट.

चष्म्याचं सहसा कुणी सांगत नाही. एकाच भिंगात दूरचं आणि जवळचं असेल, तर जिना उतरताना नजर खालच्या भागातून जाते आणि पायरी धूसर दिसते. बाहेर पडताना नुसत्या दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा वापरला तर फरक पडतो, विशेषतः जे बरेचदा घराबाहेर असतात त्यांना.

उठून उभं राहिल्यावर चक्कर येते. अशक्तपणा असेल का?

असेलही, पण आधी उभ्याने रक्तदाब मोजून घ्या. आडवं असताना एकदा आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर चक्करेचं कारण तिथे आहे. रक्तदाबाची, लघवीची, प्रोस्टेटची, नैराश्याची काही औषधं, कमी पाणी पिणं, दीर्घकाळचा मधुमेह अशा कशानेही हे होतं. दवाखान्यात रक्तदाब बहुधा बसवूनच मोजतात, त्यामुळे हे सुटतं. तुम्हीच आठवण करा. तोवर अंथरुणातून उठताना काठावर मिनिटभर बसायचं, पाय वरखाली हलवायचे आणि मगच उभं राहायचं.

रोज आठ-नऊ गोळ्या घेतो. त्या खरंच सगळ्या लागतात का?

विचारण्यासारखाच प्रश्न आहे, पण तो डॉक्टरांना विचारा. मनाने बंद करू नका. काही गोळ्या अचानक थांबवणं धोक्याचं असतं. घरातल्या सगळ्या गोळ्या, थेंब, मलमं, स्वतःहून घेतलेली चूर्णं आणि जीवनसत्त्वंही एका पिशवीत भरून वर्षातून एकदा एकाच डॉक्टरांपुढे ठेवा. प्रत्येक तज्ज्ञ आपापलं औषध लिहितो. सगळं एकत्र पाहणारं कुणी नसलं की एका गोळीचा दुष्परिणाम आवरायला दुसरी सुरू होते.

वृद्धांना जपून द्यायच्या औषधांची एक यादी अमेरिकी डॉक्टर मार्क बीअर्स यांनी १९९१ साली पुढे आणली, ती आजही सुधारून वापरली जाते. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या, तसंच सर्दी-खाज यांच्यासाठीच्या गुंगी आणणाऱ्या जुन्या गोळ्या तिच्यात आहेत. त्यांनी पडण्याचा आणि गोंधळल्यासारखं होण्याचा धोका वाढतो.

या वयात हलकं खावं असं म्हणतात. ते बरोबर आहे का?

तेलकट-तळकट कमी करण्यापुरतं बरोबर. पण हलक्याच्या नावाखाली पहिला बळी प्रथिनांचा जातो. वय वाढल्यावर स्नायूंना तेवढीच बांधणी करायला आधीपेक्षा जास्त प्रथिनं लागतात. २०१३ साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने ६५ वर्षांपुढच्या निरोगी माणसांसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सुचवली. साठ किलोच्या माणसाला हे ६० ते ७२ ग्रॅम होतात. डाळी, कडधान्यं, दूध-दही, अंडी, मासे जे चालत असेल ते प्रत्येक जेवणात थोडंथोडं विभागून घ्या. सगळं रात्रीच्या ताटात नको. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा बाजूला ठेवा आणि डॉक्टर सांगतील ते माप पाळा.

प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर खूश होऊ नका. कपडे सैल झाले, अंगठी फिरू लागली, तर कारण शोधा: दात, कवळी, गिळण्याचा त्रास, उदासी, थायरॉइड, किंवा याहून गंभीर काही.

कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, बी१२ यांच्या गोळ्या घ्याव्यात का?

कमतरता असेल तर जरूर. बी१२ची कमतरता या वयात सहज होते, विशेषतः शाकाहारी माणसांत, आणि मधुमेहावरचं मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत. पायांना मुंग्या, तोल जाणं, विसर पडणं ही तिचीही लक्षणं असतात, म्हणून एकदा तपासून घ्या.

ड जीवनसत्त्वाचे मोठे डोस मनाने घेऊ नका. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्षातून एकदा ५ लाख युनिटांचा डोस घेतलेल्या सत्तरीपुढच्या स्त्रिया न घेतलेल्यांपेक्षा जास्त वेळा पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. हाडांसाठी ६५ वर्षांपुढच्या स्त्रियांनी घनतेची तपासणी करून घेतलेली बरी.

पहाटे तीनलाच जाग येते. झोपेची गोळी घेऊ का?

आधी झोपायला किती वाजता जाता ते पाहा. वयाबरोबर शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. नऊला आडवं झालेल्या माणसाची तीन-चारपर्यंत झोप पुरी होऊ शकते. सकाळचं ऊन, दिवसभराची हालचाल आणि दुपारची डुलकी अर्ध्या तासाच्या आत, एवढ्याने बराच फरक पडतो. गोळीने तात्पुरती झोप लागते, पण रात्री उठताना पडण्याचा धोका वाढतो. जोरात घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं असेल तर तपासणी करा.

नावं आठवत नाहीत. हा स्मृतिभ्रंश तर नाही?

नाव थोड्या वेळाने आठवत असेल तर सहसा नाही. ओळखीच्या वाटेवर चुकणं, नेहमीचे हिशेब न जमणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत तीनदा विचारणं ही तपासणीची कारणं आहेत. एक-दोन दिवसांत अचानक बरळणं किंवा गोंधळणं हे मात्र तातडीचं. वृद्धांमध्ये लघवीचा किंवा छातीचा संसर्ग तापाशिवाय असाच दिसू शकतो.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली असा अंदाज मांडला की स्मृतिभ्रंशाच्या सुमारे ४५ टक्के घटना बदलता येण्याजोग्या १४ घटकांशी जोडलेल्या आहेत. त्यांत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, हालचालीचा अभाव, एकटेपणा आहेत, आणि ऐकू कमी येणंही आहे. चष्मा लावायला कुणी लाजत नाही; श्रवणयंत्र मात्र खणात पडून असतं. ऐकू न आल्याने माणूस गप्पांत मागे पडतो, मग बैठकीतच जायचं टाळतो, आणि घरच्यांना वाटतं विसरभोळा झाला.

लघवी सुटण्याच्या भीतीने बाहेर जाणंच बंद केलंय.

याबद्दल कुणी बोलत नाही, आणि फिरायला जाणं बंद होण्याचं हे मोठं कारण असतं. वय झालं म्हणून सोसायची ही गोष्ट नव्हे. लघवी आणि वारा अडवताना जे स्नायू आवळले जातात, ते रिकाम्या मूत्राशयाने पाच-दहा सेकंद आवळून तेवढाच वेळ सैल सोडायचे. दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट आणि मांड्या सैल, श्वास चालू. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. पाणी पिणं तोडू नका, गडद लघवीने जळजळ आणि घाई आणखी वाढते.

कोणत्या लसी घ्याव्यात?

फ्लूची दरवर्षी, न्यूमोनियाची आणि नागिणीची किती डोसांत ते डॉक्टर सांगतील. धनुर्वाताचा बूस्टर कधी घेतला ते आठवत नसेल तर विचारून घ्या.

बाबा काही ऐकतच नाहीत. व्यायामाचं नाव काढलं की चिडतात.

"व्यायाम करा, नाहीतर पडाल" हे कोणत्याच वडिलांना रुचत नाही. त्यांना काय करायची इच्छा आहे ते विचारा. नातवाला उचलायचंय? जमिनीवर बसून पत्ते खेळायचेत? मग व्यायामाला त्याचं नाव द्या. दुसरं म्हणजे सोबत करा. टीव्हीवर जाहिराती लागल्या की दोघांनी खुर्चीतून दहादा उठायचं. आकडा कॅलेंडरवर लिहिला की बहुतेक बाबा स्वतःच तो वाढवायला बघतात. आणि सांगणारा मुलाऐवजी फिजिओथेरपिस्ट किंवा त्यांच्या वयाचा मित्र असेल तर निम्मं काम झालं.

आई रुग्णालयातून आल्यापासून अंथरुणातच आहे. सुरुवात कुठून करू?

हालचालीवर काही बंधन आहे का, हे तिच्या डॉक्टरांना आजच विचारा, आणि फिजिओथेरपिस्टची वेळ घ्या. बंधन नसेल तर आडव्याने पावलं वरखाली करणं, गुडघे वाकवून कंबर किंचित उचलणं इथून सुरुवात. प्रत्येक जेवण अंथरुणाबाहेर, खुर्चीत बसून. ते जमलं की दर जेवणाआधी दोनदा खुर्चीतून उठायचं. तुम्ही समोर न राहता बाजूला, कमरेशी हात ठेवून उभे राहा. तिला काखेत धरून ओढू नका, तिचा खांदाही दुखावतो आणि तुमची पाठही. खोलीच्या दारापर्यंत, मग स्वयंपाकघरापर्यंत, असं अंतर वाढवत न्या. दर आठवड्याला थोडं तरी पुढे सरकायला हवं. सरकत नसेल, किंवा धाप लागत असेल, एका पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.